बाल्कनीतून दिसणारा सह्याद्री

जहाजाच्या बाल्कनीत खुर्ची टाकून किनारा पाहणे म्हणजे प्रवास नव्हे, अशी समजूत आपल्याकडे पक्की आहे. ती बोलून दाखवणारे लोक साधे नाहीत. त्यांच्या म्हणण्याला आधार आहे. ते म्हणतात, प्रवास म्हणजे पायाखाली माती यावी, माणसांशी बोलणे व्हावे, तिथले पाणी प्यावे. बाल्कनीतल्या माणसाला यातले काहीच घडत नाही. त्याला दिसते ते दुरून, आणि दुरून डोंगर साजरेच दिसतात. वडूजसारख्या गावात हाच आक्षेप आणखी धारदार होतो. खटाव-माणच्या ज्या पट्ट्यात पावसाचा आणि टँकरचा हिशोब पिढ्यान्‌पिढ्या मांडला गेला, तिथल्या माणसाने मुंबई-गोवा क्रूझचे तिकीट काढून दोन दिवस नुसते खारे पाणी बघत बसायचे, याला काय म्हणावे, असा प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर बहुतेकांनी गृहीत धरले आहे तसे नाही. कोकणचा किनारा पाण्यावरून, दुरून आणि उंचावरून पाहणे हा पाहण्याचा स्वतंत्र प्रकार आहे, त्यातून जे कळते ते किनाऱ्यावर उभे राहून कळत नाही, आणि वडूजच्या माणसाला तर ते इतरांपेक्षा अधिक कळण्याजोगे आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी साधा हिशोब पाहू. गुहागरच्या वाळूत उभ्या असलेल्या माणसाचे क्षितिज साडेचार-पाच किलोमीटरवर संपते. समुद्रसपाटीपासून पंचवीस मीटर उंचीच्या बाल्कनीतून तेच क्षितिज सुमारे १८ किलोमीटरवर जाते. हा फायदा समुद्राच्या बाजूचा झाला. जमिनीच्या बाजूचा फायदा याहून मोठा आहे. वाळूत उभे राहून पूर्वेला पाहिले तर माडांच्या बागा आणि त्यामागचा जांभ्या दगडाचा सडा डोळ्यांपुढे येतो. सडा शे-दोनशे मीटरच उंच, पण तो जवळ असल्यामुळे त्याच्या मागचे सगळे झाकून टाकतो. जहाज किनाऱ्यापासून वीस-तीस किलोमीटर आत गेले की हा सडा क्षितिजालगत बारीक रेघ होऊन बसतो आणि त्याच्या डोक्यावरून मागचा सह्याद्री वर येतो. महाबळेश्वरच्या पठाराची उंची १३०० ते १४०० मीटर. एवढ्या उंचीची कड, हवा स्वच्छ असेल तर, पंचवीस मीटरवरच्या डोळ्याला तत्त्वतः दीडशे किलोमीटरवरूनही दिसू शकते. जहाजापासून ती नव्वदेक किलोमीटरवर असते. पावसाळा सरल्यावर हवेतली धूळ धुतली गेलेली असते, अशा ऑक्टोबरच्या सकाळी ती सलग निळी भिंत म्हणून उभी राहते. हवा धूसर असली तर दिसत नाही, हेही खरे.

ही भिंत वडूजच्या माणसाने पाहावी, असे मी आग्रहाने म्हणतो, कारण त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट तिने ठरवलेली आहे. नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस या भिंतीला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि बहुतेक सगळा तिथेच कोसळतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत सुमारे ९० किलोमीटरवर असलेल्या वडूजला ५०० मिलिमीटरच्या आसपास. पर्जन्यछाया हा शब्द सातवी-आठवीच्या भूगोलात प्रत्येकाने पाठ केला आहे, पण वडूजमध्ये उभे राहून तिचे कारण दिसत नाही; दिसतात ते कोरडे माळ आणि मोकळे आभाळ. घाटमाथ्यावर उभे राहूनही ते दिसत नाही, कारण तिथे आपण भिंतीवरच उभे असतो. समुद्रावरून मात्र वाऱ्याची वाट, मधली कोकणपट्टी आणि वाऱ्याला अडवणारी भिंत एका नजरेत येतात. त्याच भिंतीने पाण्याचा उतारही ठरवला आहे. खटाव तालुक्यात उगम पावणारी आणि वडूजच्या कडेने वाहणारी येरळा सांगली जिल्ह्यात कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागराला जाते. अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम १३०-१४० किलोमीटरवर असताना. मे महिन्यात दुपारनंतर याच माथ्यावर वळवाचे ढग रांगेने उभे राहतात, आणि माणदेशातला शेतकरी ज्या ढगांची वाट पाहतो त्यांची उभारणी जहाजावरचा माणूस दुसऱ्या बाजूने पाहू शकतो. हे पाहणे करमणुकीचे नाही असे कोण म्हणेल? ते करमणुकीचे आहेच, पण त्यात ज्ञानही आहे.

आता 'दुरून' या आक्षेपाकडे वळू. जवळ गेल्याशिवाय पाहणे पुरे होत नाही हा नियम आपल्याच परंपरेने कधी मानलेला नाही. पंढरपुरात पदस्पर्शदर्शनाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. आणि ज्याला गर्दीमुळे देवळात शिरताच येत नाही तो वारकरी कळसाचे दर्शन घेऊन परत फिरतो, तेव्हा त्याची वारी अपुरी राहिली असे खटाव-माणमधले कोणी म्हणणार नाही. प्रत्येक अंतराचे आपले दर्शन असते, ही जाण आपल्याकडे जुनी आहे. ती देवळापुरतीच का ठेवायची? शिवाय काही गोष्टी जवळ गेल्याने नाहीशा होतात. वडूजजवळच्या येरळवाडीच्या आणि मायणीच्या तलावांवर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. त्यांना पाहायचे तर काठापासून लांब थांबावे लागते. पुढे सरकले की थवा उडतो. समुद्रात डॉल्फिनचेही तेच. मालवण-दापोलीकडे त्यांच्या मागे धावणाऱ्या छोट्या बोटी त्यांना जवळून दाखवतात खऱ्या, पण इंजिनांच्या गराड्यात सापडलेला प्राणी आपल्या रीतीने वागत नसतो. बाल्कनीत तासन्‌तास शांत बसलेल्याला डॉल्फिन दिसेलच याची खात्री नाही. दिसला तर तो स्वतःच्या वाटेने चाललेला दिसतो, आणि हे दिसणे मला अधिक मोलाचे वाटते.

किल्ल्यांच्या बाबतीत तर बाजू उलटीच आहे. जलदुर्ग आत जाऊन पाहणाऱ्याला तट, बुरूज, विहिरी दिसतात. किल्ला कशासाठी होता ते बाहेरून दिसते. खांदेरीची तटबंदी शिवाजी महाराजांनी १६७९ साली उभारायला घेतली, तेव्हा इंग्रजांनी ती थांबवण्यासाठी जहाजे धाडली, कारण मुंबईच्या तोंडाशी ते बेट कोणाच्या हाती असावे याचा अर्थ त्यांना जहाजावरून स्पष्ट दिसत होता. मुंबईहून दक्षिणेला निघालेल्या जहाजावरून आजही तो तसाच दिसतो. सिंधुदुर्गाचे बांधकाम नोव्हेंबर १६६४ मध्ये सुरू झाले. त्याचा महादरवाजा समुद्रावरून येणाऱ्याला सहजासहजी दिसू नये असा दोन बुरुजांच्या आड वळवून बांधला आहे. बांधणाऱ्याने आधी शत्रूच्या जहाजावर उभे राहून मनाने आपला किल्ला पाहिला होता, याहून चांगला पुरावा कोणता हवा? जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे १२ किल्ले गेले, त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार समुद्राशी बांधलेले आहेत. त्यांना समुद्राच्या बाजूने न पाहता त्यांचा अभिमान बाळगणे अर्धवट आहे. कोळी बांधवही किनारा असाच वाचत आले आहेत. डोंगराचे शिखर आणि देवळाचा कळस एका रेषेत आणून ते मासळीची जागा आणि खाडीचे तोंड शोधतात. जुन्या दर्यावर्दी नकाशांत पाण्यावरून दिसणाऱ्या डोंगररांगांच्या आकृती छापत, त्याही याच गरजेतून. दुरून पाहण्याला उथळ ठरवणे म्हणजे या सगळ्या विद्येला उथळ ठरवणे.

कोणी म्हणेल, हे सगळे ड्रोनच्या चित्रफितीत घरबसल्या दिसते. दिसते, पण वेळेशिवाय दिसते. अलास्कातल्या ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण पाहा. १७९४ साली व्हँकुव्हरच्या मोहिमेतले लोक तिथे आले तेव्हा आजचा बहुतेक सगळा उपसागर बर्फाखाली होता. बर्फ आज १०० किलोमीटरच्या आसपास मागे गेला आहे. तिथे येणारे बहुतेक लोक जहाजावरूनच हिमनदी पाहतात आणि किनाऱ्यावर पाऊल न ठेवता परततात. हिमनदीच्या कड्याचा तुकडा तुटतो तेव्हा तो आधी दिसतो आणि आवाज मागून येतो. किलोमीटरभर अंतर असेल तर तीन सेकंदांनी. पण त्याआधी तास-दोन तास काहीच घडलेले नसते, आणि ते काहीच न घडणे पाहिलेल्यालाच त्या तुटण्याचे वजन कळते. चित्रफीत हा वेळ कापून टाकते. ताशी तीस-एक किलोमीटरने चाललेल्या जहाजावरून एखादे भूशिर हळूहळू उलगडते, त्याच्या मागची खाडी उघडते आणि पुन्हा मिटते, तेव्हा किनाऱ्याची बांधणी डोळ्यांना आपोआप उमगते.

सर्वांत गंभीर आक्षेप पैशाचा आहे. बाल्कनी असलेली खोली महाग असते, आणि समुद्राचे दर्शन खोलीच्या भाड्यावर ठरावे हे मलाही मान्य नाही. पण हे दर्शन मुळात श्रीमंतांचे कधीच नव्हते. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटींपासून 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' या बोटींपर्यंत मुंबईचा चाकरमानी उघड्या डेकवर वळकटी टाकून हाच किनारा पाहत गावी जात होता. गर्दी असे, बोट लागे, बंदरात पडावात उतरताना जीव मुठीत धरावा लागे. त्या प्रवासाला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. तरी जयगड, विजयदुर्ग, देवगड पाण्यावरून ओळखणारी पिढी त्यातूनच तयार झाली. पुढे ती सेवा बंद पडली आणि सामान्य माणसाची नजर समुद्राकडून रस्त्याकडे वळली. म्हणजे दोष बाल्कनीचा नाही. उघडा डेक नाहीसा झाला आणि फक्त बाल्कनी उरली, हा दोष आहे. तो दूर करायचा तर स्वस्त बोटींची मागणी करावी लागेल. बाल्कनीत बसलेल्याची टिंगल करून तो दूर होणार नाही.

जहाजांच्या धुराचा आणि गर्दीचा आक्षेप मी खोडत नाही. तो खरा आहे. २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणावी लागली आणि २०२१ मध्ये व्हेनिसच्या मध्यवर्ती कालव्यातून मोठी जहाजे हद्दपार करावी लागली, ती उगाच नव्हे. ग्लेशियर बेमध्येही दिवसाला दोनच मोठ्या पर्यटक-जहाजांना परवानगी असते. जहाजे कमी असावीत, लहान असावीत, स्वच्छ असावीत, हे सगळे कबूल. त्यातून पाहण्याची किंमत मात्र कमी होत नाही.

दुसरे एक वैगुण्य आपल्याच आखणीतले आहे आणि ते आपल्या हाती आहे. कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचे नाव घेऊन २०१८ साली सुरू झालेली 'आंग्रिया' दिवस मावळतीकडे झुकताना मुंबई सोडी आणि दुसऱ्या सकाळी गोव्याला पोचे. सुवर्णदुर्गापासून सिंधुदुर्गापर्यंतचा सगळा किनारा अंधारात जाई. अंधारातही पाहण्याजोगे असते: प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी, आणि मध्येच मासेमारी बोटींच्या दिव्यांचा झगमगाट. २०१७ मध्ये केंद्राने बंदी घातलेल्या एलईडी दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध पारंपरिक मच्छीमार का भांडतात, ते असा झगमगाट पाहिलेल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पण डोंगर पाहायचे तर उजेड हवा. मुंबईहून जाताना किनारा डाव्या हाताला असतो आणि येताना उजव्या. उजवीकडची बाल्कनी घेतलेल्याला जाताना फक्त मोकळा समुद्र मिळतो, आणि तिकीट काढताना हे त्याला कोणी सांगत नाही. ग्लेशियर बेमध्ये उद्यानाचे रेंजर जहाजावर चढून प्रवाशांना समोरचा बर्फ समजावून देतात. आपल्याकडेही गड आणि पाऊस दोन्ही जाणणारा माणूस जहाजावर असायला हवा. २०२५ मध्ये मुंबईहून जयगड आणि विजयदुर्गसाठी रो-रो सेवेची घोषणा झाली. ही बोट दिवसा निघावी, तिच्यावर सगळ्यांना उघडा डेक मिळावा, आणि सातारा-सांगलीच्या शाळांच्या सहली पावसाळा संपताच तिच्यावरून जाव्यात. पर्जन्यछायेचा धडा वडूजच्या मुलांना तिथे शिकवता येईल.