गृहकला : न टोचणारी टोपी

नवी टोपी घालतांच एखादें मूल ती ओढून काढतें आणि घरांतील वडील माणसें त्यास हट्टी ठरवितात. परंतु अनेक स्वमग्न मुलांस, व इतरही कांहीं जणांस, शिवणीचा साधा स्पर्श खरोखरीच असह्य होतो. अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसंहितेंत २०१३ पासून संवेदनांच्या ह्या कमीअधिक तीव्रतेची गणना स्वमग्नतेच्या लक्षणांत झालेली आहे.

भगिनींनो, अशा मुलाची टोपी घरींच शिवावी. लोंकर नको, आजीचें सुती जुनेर घ्यावें. वारंवार धुतल्यानें खळ जाऊन तें मऊ झालेलें असतें. नवेंच कापड घेणें असल्यास तें दोनतीनदां धुवावें. बेतण्यापूर्वीं दोनचार तुकडे मुलाच्या हातीं द्यावे. जो तें आपण होऊन गालास लावील, तोच निवडावा. आंतून अखंड अस्तर लावावें आणि शिवणीची दुमड व दोऱ्याच्या गांठी दोन पदरांमध्यें लपवाव्या. इलॅस्टिक कपाळावर वळ उठवितें. त्याऐवजीं दोन बोटें रुंद अशी सैल पट्टी जोडावी. गळ्याशीं लांब बंद ठेवूं नयेत. डांबराच्या गोळ्यांच्या पेटींत ही टोपी ठेवूं नये, कारण कित्येकांस उग्र वासही सोसत नाहीं.

इतकें करूनही मुलानें ती नाकारली, तर आग्रह धरूं नये. मुंजीच्या मांडवांत टोपीवांचून कांहीं अडत नाहीं. पण आपलें दुःख घरांत कोणी खरें मानीत नाहीं, ही टोचणी त्या बालजीवास फार काळ पुरते.