शून्याचा भाव

वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पुरवण्यांत कॅसिनो-व्यवसायावर लेख येतात तेव्हा त्यांत दोन शब्द हमखास भेटतात : ‘स्पर्धा’ आणि ‘ग्राहक’. लास वेगास विरुद्ध मकाऊ, मकाऊ विरुद्ध सिंगापूर, असा सामना रंगवला जातो आणि या चढाओढीत ग्राहकाचे भलेच होणार असे सुचवले जाते. अर्थशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. मात्र एखादा शब्द काय दाखवतो आणि काय झाकतो हे पाहणे भाषेच्या अध्यापकांच्या कामातच येते. आमचे म्हणणे असे, की या दोन शब्दांना इतर बाजारांत जो अर्थ असतो तो जुगारघराच्या दारापाशीच गळून पडतो. स्पर्धा वाढली की भाव उतरतो, असे आपण गृहीत धरतो. जुगाराचा भाव किती, हेच मुळात खेळणाऱ्याला ठाऊक नसते. मग तो उतरला की चढला हे त्याला कळावे कसे?

भाव असतो, आणि तो मोजताही येतो. रूलेच्या चक्रावर १ ते ३६ आकडे आणि एक शून्य, असे ३७ खण असतात. आपला आकडा लागला तर लावलेली रक्कम परत मिळून वर पस्तीसपट मिळते. शून्य नसते तर दीर्घ हिशेबात कोणीच हरले वा जिंकले नसते. ते आहे म्हणून लावलेल्या दर शंभर रुपयांमागे सरासरी २ रुपये ७० पैसे घरमालकाकडे राहतात. चक्रावर दोन शून्ये असली तर ५ रुपये २६ पैसे, तीन असली तर ७ रुपये ६९ पैसे. शून्य हीच कॅसिनोची किंमतपट्टी. फक्त ती वस्तूवर चिकटवलेली नसते, वस्तूच्या पोटात असते.

हा भाव स्पर्धेमुळे खरोखर उतरल्याचे उदाहरण इतिहासात आहे. १८३७ च्या अखेरीस पॅरिसमधील जुगारघरे बंद झाली आणि फ्रान्स्वा ब्लाँ व त्याचा भाऊ यांनी होम्बुर्ग या छोट्याशा जर्मन संस्थानात बस्तान बसवले. इतरांच्या चक्रांवर दोन शून्ये होती. ब्लाँने १८४३ मध्ये आपल्या चक्रावरचे एक शून्य काढून टाकले, आणि आडवळणाच्या त्या गावाकडे युरोपातील खेळाडूंची रीघ लागली. पुढे १८६३ मध्ये हाच ब्लाँ माँटे कार्लोला गेला आणि तिथल्या कॅसिनोला त्याने जगप्रसिद्ध केले. (स्वस्ताईने माणूस वाचतो असे मात्र कोणी समजू नये. ‘जुगारी’ ही कादंबरी १८६६ मध्ये लिहून झाल्यावर, म्हणजे सगळे कळून चुकल्यावर, दस्तयेव्हस्की १८६७ मध्ये त्याच होम्बुर्गला जाऊन हरला.)

आता दीडशेहून अधिक वर्षे पुढे येऊ. २०१६ च्या सुमारास लास वेगासमधील एका बड्या कॅसिनोत तीन शून्यांचे चक्र आले आणि शेजाऱ्यांनी ते उचलले. ब्लॅकजॅकमध्ये पहिल्या दोन पत्त्यांतच एकवीस झाले, तर शंभरावर दीडशे देण्याची जुनी रीत होती. अनेक टेबलांवर आता एकशेवीसच मिळतात. दारापुढे दार असलेल्या त्या रस्त्यावर भाव असा चढत गेला. याचे एक कारण म्हणजे तिथली बहुतेक मोठी घरे दोन कंपन्यांच्या हाती एकवटली आहेत. पण आम्हाला दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. स्पर्धा टेबलावरून उठून इमारतीत गेली. कारंजी, नकली व्हेनिस, गायकांचे जलसे, नामांकित आचारी यांची तुलना ग्राहकाला डोळ्यांनी करता येते. शून्याची करता येत नाही. जे दिसते त्यात चढाओढ होते आणि तिचा खर्च जे दिसत नाही त्यातून निघतो.

मकाऊची कथा याहून बोलकी आहे. मकाऊ आपल्याला वाटते तितके परके नाही : १८४४ पर्यंत पोर्तुगीज त्याचा कारभार गोव्याहून पाहत. १९६२ पासून तिथल्या जुगाराचा मक्ता स्टॅन्ले हो व त्यांच्या भागीदारांच्या कंपनीकडे होता. १९९९ मध्ये मकाऊ चीनच्या ताब्यात गेले, २००२ मध्ये मक्तेदारी संपली आणि परवाने वाढत जाऊन सहा कंपन्यांची घरे उभी राहिली. मे २००४ मध्ये पहिले अमेरिकी कॅसिनो उघडले. २००६ मध्ये मकाऊच्या उत्पन्नाने लास वेगासच्या मुख्य रस्त्याला मागे टाकले, आणि २०१३ मध्ये ते सुमारे ३६० अब्ज पटाका, म्हणजे ४५ अब्ज डॉलरांवर, त्या रस्त्याच्या जवळजवळ सातपट झाले. एका अमेरिकी कंपनीने तर २०२२ मध्ये आपला वेगासमधील कॅसिनो विकून टाकला. ‘लास वेगास सँड्स’ या कंपनीचे आता लास वेगासमध्ये एकही कॅसिनो नाही.

सहा घरे झाली म्हणून बॅकराच्या टेबलावरचा हिशेब बदलला का? नाही. भाव फुटला तो दलालीत. चीनमधून पैसा बाहेर नेण्यावर निर्बंध आणि जुगाराचे कर्ज तिथल्या न्यायालयात वसूल होत नाही. म्हणून ‘जंकेट’ नावाचे मध्यस्थ श्रीमंत खेळाडूंना मकाऊला आणत, उधारीवर सोंगट्या देत आणि वसुली त्यांच्या गावी जाऊन करीत. या मध्यस्थांना आपल्याकडे ओढण्यासाठी सहा घरांत दलालीची अशी चढाओढ लागली, की २००९ मध्ये सरकारला तिच्यावर सव्वा टक्क्याची मर्यादा घालावी लागली. स्पर्धेचे फळ होते. ते खेळणाऱ्याला आणून देणाऱ्याने खाल्ले.

‘मृच्छकटिका’चा दुसरा अंक शिकवलेल्या कोणालाही हा मध्यस्थ ओळखीचा वाटेल. दहा सुवर्णांच्या ऋणापायी संवाहक पळतो, ओसाड देवळात मूर्ती होऊन उभा राहतो, आणि माथुर त्याला शोधत येतो. वर्गात या प्रवेशाला हशा हमखास मिळतो. समोर फासे पडल्याचा आवाज होताच त्या ‘मूर्ती’ला राहवत नाही, इथे तो वाढतो. मग एखादी मुलगी विचारते, ‘सर, माथुरचा यात फायदा काय?’ आणि हशा थांबतो. माथुर हा सभिक, म्हणजे द्यूतगृहाचा चालक. हरणाऱ्याकडून वसूल करून जिंकणाऱ्याला देणे हे स्मृतिकारांनी त्याचे कर्तव्यच सांगितले आहे. याज्ञवल्क्याने त्याचा वाटाही ठरवून दिला : मोठ्या डावात शंभराला पाच. कौटिल्याचा द्यूताध्यक्षही जिंकलेल्या रकमेतून पाच टक्के घेतो, वर फाशांचे भाडे, आणि सगळा खेळ एकाच ठिकाणी चालवतो, म्हणजे गुप्तपणे उपजीविका करणारे लोक नजरेत राहतील. या प्राचीन व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. संवाहकाची नाकातून रक्त येईपर्यंत झालेली मारहाण त्याच व्यवस्थेतली आहे. पण तिच्यात भाव उघड होता, आणि तो जिंकणाऱ्याकडून घेतला जाई.

मकाऊच्या माथुरांचे राज्य आता संपले आहे. सर्वांत मोठ्या जंकेटचा प्रमुख अल्विन चाऊ नोव्हेंबर २०२१ मध्ये पकडला गेला आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याला १८ वर्षांची शिक्षा झाली. २०२२ च्या नव्या कायद्याने मध्यस्थांचे पंख कापले. त्याच सहा कंपन्यांना पुढील दहा वर्षांचे परवाने मिळाले ते जुगाराबाहेरच्या मनोरंजनात प्रचंड गुंतवणूक करण्याच्या अटीवर, आणि एकूण उत्पन्नाच्या सुमारे चाळीस टक्के कर भरण्याच्या बोलीवर. धनाढ्यांची जागा मध्यमवर्गीय सहलकऱ्यांनी घेतली. २०२४ चे उत्पन्न पुन्हा सुमारे २२७ अब्ज पटाकांवर गेले. यालाच ‘गेमिंग उद्योगाचे परिवर्तन’ म्हणतात. ‘जुगार’ या शब्दाला डाग होता म्हणून अमेरिकेत ‘गेमिंग’ रूढ झाला, आणि आमची वृत्तपत्रे तो जसाच्या तसा उचलतात. मराठीत द्यूत आहे, जुगार आहे, पैज आहे, पण आहे. एवढी शब्दसंपत्ती असताना ही उसनवारी केवळ आळसाने होत असेल असे आम्हाला वाटत नाही.

खरी स्पर्धा आता राज्याराज्यांत आहे, आणि तिचा नियम त्यांच्या प्रवेशद्वारांवर वाचता येतो. मोनॅकोच्या नागरिकाला माँटे कार्लोत खेळता येत नाही. सिंगापूरने २०१० मध्ये दोन कॅसिनो उघडले. तिथल्या नागरिकाला एका दिवसाच्या प्रवेशासाठी आधी १०० डॉलर, २०१९ पासून १५० डॉलर भरावे लागतात, परदेशी पाहुण्याला काहीच नाही. मकाऊच्या सरकारी नोकरांना चिनी नववर्षाचे मोजके दिवस सोडले तर कॅसिनोची दारे बंद असतात. आपला माल घरच्या मुलांना मिळू नये याची इतकी काळजी घेणारा दुसरा धंदा आम्हाला तरी आठवत नाही.

महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंचा कायदा केला, तो कधीच अमलात आणला नाही, आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. या सावधपणाचे कौतुक करायला हरकत नाही, पण पणजीचा रस्ता काही बंद झालेला नाही. मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या आहेत. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या माणसाला त्यांवर खेळायला मनाई आहे. सावंतवाडीच्या, कोल्हापूरच्या, सांगलीच्या माणसाला नाही.