प्रिम्युला टाकू नका!

मंडळी, आज जरा भांडायच्या मूडमध्ये आहे, आगाऊ सांगून ठेवते.

जानेवारी उजाडला की इथे इंग्लंडात सुपरमार्केटच्या दाराशीच प्रिम्युलांचे ट्रे मांडलेले असतात. पिवळे, जांभळे, लालभडक, काही तर दोन-दोन रंगांचे. बाहेर सगळं करडं, चार वाजता अंधार, आणि त्यात हे रंग! कॉफीच्या एका कपापेक्षा स्वस्त. कोण नाही घेणार? मीही घेते. माझं भांडण घेण्याशी नाही, एप्रिल-मे आला की ती कुंडी कचऱ्यात जाते, त्याच्याशी आहे.

कारण हे हंगामी झाड नाहीच मुळी. बहुवर्षायू आहे. इथल्या रानात, ओढ्याकाठी, झाडांखाली फिक्या पिवळ्या रंगाचा प्रिमरोझ आपणहून फुलतो ना, त्याच्याच गोतावळ्यातले हे दुकानी संकर. 'प्रिम्युला' या नावातच लॅटिनमधला 'पहिला' दडलाय, वसंतातलं पहिलं फूल म्हणून. आता पुढच्या वर्षी पुन्हा येण्याची तयारी असलेल्या झाडाला आपण वापरून फेकायच्या कपासारखं वागवायचं, हे मला पटत नाही. मी घेतलेल्या कुंडीच्या लेबलवर पाणी किती घाला ते होतं, फुलं संपल्यावर काय करा ते नव्हतं. विकणाऱ्याचं ठीक आहे, त्याला पुढच्या जानेवारीत पुन्हा विकायचंय. आपल्याला काय झालंय?

बरं, टिकवायला फार काही लागतं का? उलट आपण जी माया करतो तीच त्याला मारते. थंडी आहे म्हणून कुंडी घरात आणायची, रेडिएटरवरच्या खिडकीत ठेवायची, आणि आठ-दहा दिवसांत झाडाने मान टाकली की म्हणायचं, "नाजूक असतात बाई ही!" नाजूक कसली? त्याला गारवा हवा, उजेड हवा आणि मुळाशी ओल हवी. ऊब नको. माझं ग्रीनहाऊस सहा बाय आठ फुटांचं, त्यात हीटर नाही. थंडीत त्यात मी कुंड्या ठेवते ते ऊब द्यायला नाही, तर वारा-पावसाने पाकळ्यांचा चिखल होऊ नये म्हणून. दिवसा दार थोडं उघडं ठेवायचं, पिवळी पानं आणि सुकलेली फुलं काढत राहायचं, नाहीतर दमट हवेत करडी बुरशी धरते. बस्स.

ऑरिक्युला नावाचा त्यांचा आल्प्सकडचा एक भाऊबंद आहे, त्याला मात्र काचेखाली ठेवण्यात खरा अर्थ आहे. त्याच्या काही जातींच्या पानांवर पिठासारखी पांढरी पूड असते, अगदी अनारशावर तांदळाची पिठी भुरभुरावी तशी. एक पावसाची सर आली की सगळी शोभा धुऊन जाते. म्हणून तिथे पाणी घालतानाही पानांवर घालायचं नाही.

फुलं संपली की मेमध्ये गड्डा उपटायचा, हातानेच दोन-तीन फुटवे वेगळे करायचे, प्रत्येकाला थोडी मुळं राहतील असे, आणि बागेत सावलीच्या, ओलसर जागी लावून टाकायचे. उन्हाळ्यात पानं अगदी केविलवाणी दिसतात, तेव्हा "मेलं वाटतं" म्हणून उपटू नका. सप्टेंबरात पुन्हा डोकं वर काढतं.

आणि ठेवलंत तर बघायलाही किती मिळतं! कुंडीतल्या फुलात जरा डोकावून पाहा. काही झाडांच्या फुलात मधोमध टाचणीच्या डोक्यासारखा हिरवट ठिपका दिसतो, तर काहींच्या फुलात पुंकेसरांचा झुबका. इंग्रजीत पहिल्याला 'पिन' म्हणतात आणि दुसऱ्याला 'थ्रम', म्हणजे मागावर उरलेली सुताची टोकं. आपल्या पदराच्या दशा म्हणा ना! एका झाडावर सगळी फुलं एकाच प्रकारची. टाचणीवाल्याचे पराग दशावाल्यावर पडले, किंवा उलट, तर बी चांगलं धरतं. आपल्याच प्रकारात फारसं धरत नाही. चार्ल्स डार्विनने यावर प्रयोग करून १८६२ साली निबंध छापला. तेव्हा पुढच्या वेळी दुकानात रंगाबरोबर हेही बघून दोन्ही प्रकार घ्या. (लोक बघतात, बघू देत!)

आता तुमचे आक्षेप. पहिला, "सगळी कुठे जगतात?" नाहीत जगत, खरं आहे. काही संकर पहिल्याच कडाक्यात जातात. व्हाइन वीव्हिल नावाच्या भुंग्याच्या पांढऱ्या अळ्या कुंडीत मुळं खातात आणि चांगलं दिसणारं झाड एके दिवशी हातात येतं. पण पाचातली दोन जगली तरी दोन जगली की!

दुसरा आक्षेप आमच्या दिल्लीच्या मावशीचा. ती म्हणते, "आमच्याकडे तर सगळेच फेकतात." मावशी, तुझं बरोबर आहे! तुझ्याकडे हिवाळ्यात लावतात तो मॅलाकॉइडिस, मूळचा चीनच्या युनानकडचा. तो बियांपासून एका हंगामापुरताच वाढवायचा, आणि दिल्लीच्या मे महिन्यात त्याला जगवणं म्हणजे छळच. तिथे टाकण्यात काही गैर नाही. गैर आहे ते जिथे झाड राहायला तयार आहे तिथून हाकलण्यात.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत जास्त लागतो, कारण तो आपल्याच लोकांकडून येतो. "भाड्याचं घर आहे गं. इथे कुठे कायमचं राहायचंय? कशाला जमिनीत लावायचं?" हे वाक्य मी इथे दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं राहिलेल्यांकडून ऐकलंय. मुलं इथल्या शाळेत मोठी झाली, पण बागेत अजून एक झाड जमिनीत नाही, सगळा संसार कुंड्यांत. दर वर्षी नवं आणायचं, टाकायचं. जाऊ तेव्हा जाऊ हो, पण तोवरची वर्षं ही आपलीच ना? आणि प्रिम्युलाचा गड्डा तर सोबत नेता येतो, नाहीतर मागून येणाऱ्याला फुलं मिळतील. त्यात आपलं काय गेलं?

माझ्या बागेत डेंटिक्युलाटाही आहे. एका दांड्यावर जांभळ्या फुलांचा गोल चेंडू, म्हणून त्याला इथे 'ड्रमस्टिक' म्हणतात. (शेवग्याशी काही संबंध नाही, सांबारात घालू नका! :)) हा मूळ हिमालयातला. पण इथल्या चिखलात असा रुजलाय की शेजारच्या आजींना तो इथलाच वाटतो.

तर सांगायचा मुद्दा असा. संक्रांतीचं वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे आता पुरे झाले. संक्रांत आणि प्रिम्युलाचा हंगाम इथे एकाच वेळी येतो, मग हळदीकुंकवाला एकेक कुंडी द्या. मात्र देताना सांगा, "घरात ठेवू नकोस, आणि मेमध्ये टाकू नकोस."

ज्यांना जमणार नसेल त्यांनी मेमध्ये कुंड्या माझ्याकडे आणून द्या. कुंपणाच्या उत्तरेच्या बाजूला अजून बरीच जागा आहे.