उपयोग काय?

"पण ह्याचा उपयोग काय?" असं विचारणाऱ्या माणसांशी माझं कधीच जमलं नाही. आणि नशीब असं, की आमच्या गोखिवऱ्याच्या बिल्डिंगमध्ये नेमके तसलेच एक सद्‌गृहस्थ वरच्या मजल्यावर राहतात.

परवा त्यांच्या सातवीतल्या चिरंजीवांना मी म्हटलं, "नऊ वेळा एक लिही, आणि त्या आकड्याला त्यानंच गुण." पोरानं एकेक घर सरकवत नऊ ओळींचा जिना मांडला, बेरीज केली आणि ओरडलाच, "काका, १२३४५६७८९८७६५४३२१!"

एकापासून नऊपर्यंत चढायचं, तसंच एकापर्यंत उतरायचं! "आणि दहा वेळा एक लिहिला तर?" मी म्हटलं, "मधल्या घरात दहा येतात. हातचा आला की जिना मोडला."

तेवढ्यात वडील आले. "परीक्षेला आहे का हे? मग उपयोग काय?" कागद केराच्या टोपलीत.

आता हेच गृहस्थ! गाडी घेतली तेव्हा एमएच ४८ च्या पुढच्या आकड्यांची बेरीज नऊ यावी म्हणून जादा पैसे मोजून आले. तेव्हा नाही कुणी उपयोग विचारला! अहो, नऊच हवे होते तर पोराच्या आकड्याची बेरीज करायची. ८१ येते, आठ नि एक नऊ. तेही फुकट! वर त्या आकड्याला ह्याच ८१ नं गुणलंत, तर ९९९९९९९९९ चा वर्ग हात जोडून उभा. तुमच्या नंबरप्लेटला जमेल?

ह्या कुळातल्या आकड्यांना डेम्लो संख्या म्हणतात. नाव फ्रेंच वाटतं ना? डेम्लो म्हणजे आपली डोंबिवली! तिथल्या स्टेशनात हे आकडे सुचले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांना. आपल्यासारख्यांना डोंबिवली स्टेशनात सुचते ती फक्त चौथी सीट. कापरेकर जन्मले १९०५ साली, आपल्याच डहाणूत. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. गणिताची मोठी पदवी नाही, नुसता आकड्यांचा नाद. १९७५ साली मार्टिन गार्डनरनं 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा त्यांचं नाव जगभर गेलं. मास्तर तोवर सत्तरीला आले होते. आमचं कौतुक नेहमी असं परदेशातून वळसा घेऊन येतं.

माझं म्हणणं एवढंच, की पोराला आनंद झाला हा उपयोग नव्हे काय? मार्क मिळवून देणारं गणित शाळा शिकवतेच. पण एकदा टोपलीत गेलेला आनंद कुठल्या क्लासात परत मिळतो?

दुसऱ्या दिवशी जिन्यात पोरानं मला गाठलं. खिशातून चुरगळलेला कागद काढला. "काका, दहा एकांचं केलं! १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना आठवी पायरीच गायब!"

"बाबांना दाखवलंस?"

"छे! ते उपयोग विचारतील."

सातवीतच पोरगं व्यवहार शिकलं. घ्या, उपयोग झालाच की!