दोष कानाचा नव्हे

गिटार शिकवणाऱ्या वर्गांतून एक उपदेश दहा आज्ञांत अकराव्या आज्ञेची भर पडावी अशा थाटात दिला जातो. तारा हार्मोनिक्सवर लावाव्यात. एका तारेचा पाचव्या पडद्यावरील नाद आणि शेजारच्या तारेचा सातव्या पडद्यावरील नाद एकमेकांत विरघळले की वाद्य शास्त्रशुद्ध लागले. या उपदेशास आमचा स्पष्ट विरोध आहे. त्यात शास्त्र आहे ते अर्धेच. आणि उरलेल्या अर्ध्याचा भुर्दंड विद्यार्थ्याच्या कानावर पडतो.

छेडलेली तार एकसंध हलते तशीच ती त्याच क्षणी दोन, तीन, चार, पाच भागांतही थरथरत असते. मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे हे उपस्वर त्याच्या पोटातच असतात. तारेच्या बरोबर मध्यावर, बाराव्या पडद्यावर, बोट नुसते टेकवून छेड दिली तर जी कंपने तेथे स्थिर नसतात ती विझतात आणि दुप्पट कंपनसंख्येचा, घंटेसारखा नाद उरतो. एक-तृतीयांशावर, सातव्या पडद्यापाशी, तिप्पट. एक-चतुर्थांशावर, पाचव्यापाशी, चौपट. या स्थिर बिंदूंचे विवेचन जोसेफ सोव्हर यांनी १७०१ साली फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे केले होते.

'पाशी' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरला. पडदे, ज्यांना आपण फ्रेट म्हणतो, ते या नियमाने बसवलेलेच नाहीत. ते सप्तकाचे १२ समान भाग पाडून बसवलेले असतात. ६५ सेंटिमीटरच्या तारेवर एक-पंचमांशाचा बिंदू १३ सेंटिमीटरवर येतो, चौथा पडदा १३.४ वर. बोट पडद्यावरच ठेवणाऱ्याला तेथे बोदा आवाज मिळतो आणि बिचारा स्वतःच्या बोटांना दोष देतो.

आता हिशेब पाहावा. जाड ई तारेची कंपनसंख्या सेकंदाला ८२.४१, तिची चौपट ३२९.६३. ए तारेची ११०. तिची तिप्पट ३३०. दोन्ही तारा अचूक लागलेल्या असताना हे दोन नाद एकत्र वाजवले तर सुमारे पावणेतीन सेकंदांनी एक मंद हेलकावा ऐकू यायलाच हवा. उपदेशक तो घालवायला सांगतात. तो गेला की अर्धस्वराच्या शेकडा २ इतकी चूक आत आली. ई-ए, ए-डी, डी-जी अशी ती तीनदा साचते आणि जी तार शेकडा ६ ने उतरते. मग बी तार जाड ई तारेच्या सातव्या पडद्यावरून लावतात; ती किंचित चढते. जी आणि बी यांतील गंधाराचे अंतर अर्धस्वराच्या शंभराव्या भागांत मोजले तर पडद्यांच्या हिशेबाने ४०० असावे, ते ४०८ होते. निसर्गाचा गंधार तर ३८६ वरच आहे! जीचा कॉर्ड आंबट लागतो तो येथे.

याहून हट्टी मंडळी जी तारेचा पाचपट उपस्वर बीच्या चौपटीशी मिळवतात. एक ९८०, दुसरा सुमारे ९८८. सेकंदाला जवळजवळ आठ हेलकावे. ते मिटवायचे तर बी तार २४६.९४ वरून २४५ वर ओढावी लागते. पुढे बारीक ई तारेशी तिचे भांडण ठरलेलेच.

विद्यार्थी म्हणतो, काहीतरी बिघडले आहे. त्याला उत्तर मिळते, तुला कान नाही. कान आहे म्हणूनच तो कुरकुरतो आहे! गायनमंडळात उत्साहाने आलेली कितीतरी मुले या एका वाक्याने वाद्य खाली ठेवतात, याचे आम्हांस दुःख आहे. आज मोबाइलवरील ट्यूनर समान विभागणीने तारा लावून देतो. तरीही त्यानंतर हार्मोनिक्सवर 'तपासून' त्या पुन्हा बिघडवणारे आहेतच.

शेकडा २ चा फरक कोणाला कळतो, असे यावर विचारले जाईल. मग पावणेतीन सेकंदांचा हेलकावा घालवण्याचा आग्रह तरी कशाला? सूक्ष्मतेचा मान मिरवायचा आणि हिशेब मागितला की सूक्ष्मता क्षुल्लक ठरवायची, हे चालणार नाही. तंबोऱ्याचा दाखलाही येथे गैरलागू आहे. तंबोऱ्यातून उमटणारा स्वयंभू गंधार आम्हांलाही मोहवतो. पण तंबोऱ्याला पडदे नाहीत आणि मैफलभर त्याचा षड्ज हलत नाही. गिटारला दर दोन मात्रांनी नव्या कॉर्डची चाकरी करावी लागते. ही तडजोड काल-परवाची नव्हे. गॅलिलिओचे वडील व्हिन्सेन्झो गॅलिली हे ल्यूटवादक होते. पडदे बसवण्यासाठी १८:१७ हे प्रमाण त्यांनी १५८१ च्या आपल्या ग्रंथात सांगितले आहे.

हार्मोनिक्सशी आमचे वैर नाही. बाराव्या व पाचव्या पडद्यावरील नाद सप्तकाचे आहेत, आणि सप्तक दोन्ही हिशेबांत एकच असते. म्हणून ए तारेचा पाचव्या पडद्यावरील नाद ४४० च्या स्वरकाट्याशी मिळवावा. मग जाड ई पाचव्या पडद्यावर दाबून मोकळ्या ए तारेशी. डी सातव्यावर आणि जी दुसऱ्यावर दाबून ए तारेच्या बाराव्या पडद्यावरील नादाशी. बी दहाव्यावर आणि बारीक ई पाचव्यावर दाबून तिच्या पाचव्या पडद्यावरील नादाशी मिळवावी. एकदा स्वरकाट्याशी मिळाल्यावर ए तारेच्या खुंटीला हात लावू नये.