दुपारच्या चकरेत न दिसणारे दोष

मोटारीसाठी कर्ज घेण्यास येणाऱ्या ग्राहकांशी बोलताना एक गोष्ट वारंवार जाणवते. रंग, इंधनाचा खर्च, मासिक हप्ता आणि पुनर्विक्रीची किंमत यांचा सांगोपांग विचार झालेला असतो. परंतु रात्री समोरचे दिवे रस्ता कितपत दाखवतात आणि तासाभराच्या प्रवासानंतर पाठीची काय अवस्था होते, हे बहुधा कुणी पाहिलेले नसते. कारण साधे आहे. गाडीची चाचणी आपण भर दुपारी घेतो, आणि तीही दहा-पंधरा मिनिटांची. दिव्यांचा दोष दुपारी दिसत नाही, आणि आसनाचा दोष पंधरा मिनिटांत कळत नाही. पुढे कर्जफेडीची पाच-सात वर्षे हे दोन्ही दोष मुकाट्याने सोसले जातात.

त्यांना किरकोळ समजणे धोक्याचे आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर कापते. दिव्यांचा उजेड ५० मीटरपर्यंतच पोहोचत असेल, तर रस्त्यात बंद पडलेला ट्रक दिसल्यापासून चालकाच्या हाती जेमतेम सव्वादोन सेकंद उरतात. दिवाळीच्या सुटीत इंदूरहून बिजासन घाट उतरून गावी येणाऱ्या कुटुंबाला हा हिशेब माहीत असावा. त्यातच पाठ अवघडलेली असेल, तर चालकाचे निम्मे लक्ष रस्त्याऐवजी स्वतःच्या कमरेकडे असते.

दोष लक्षात आला, की कारण न शोधता आपण एकदम उपायाकडे धावतो. उजेड कमी वाटला, की अधिक शक्तीचा बल्ब बसवतो. अनेक गाड्यांत ६०/५५ वॅटचा हॅलोजन बल्ब असतो; त्याजागी १००/९० वॅटचा बल्ब लावल्यास होल्डर व तारा प्रमाणाबाहेर तापतात आणि प्रसंगी वितळतात. हॅलोजनसाठी घडवलेल्या दिव्यात बाजारातला एलईडी बल्ब बसवला, तर प्रकाश विस्कटून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आपली सोय अशा रीतीने दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते. समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत अशा बेताने दिव्याचा झोत खाली वळलेला असावा, असे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ सांगतो, तो याचसाठी.

खरे निदान बहुतेक वेळा स्वस्त असते. एकच दिवा बंद असेल, तर आधी बल्ब व त्याची जोडणी तपासावी. दोन्ही एकदम गेले असतील, तर फ्यूज, रिले किंवा स्विच पाहावा. अप्पर लागतो पण डिपर लागत नाही, याचा अर्थ बल्बमधली एक तार तुटली असण्याचा संभव अधिक. उजेड मंद असेल, तर उन्हाने पिवळी पडलेली दिव्याची काच अथवा गंजलेले अर्थिंग हे नेहमीचे अपराधी होत. नवा हॅलोजन बल्ब बसवताना त्याच्या काचेला उघड्या बोटांनी स्पर्श करू नये. बोटांच्या तेलकटपणामुळे त्याचे आयुष्य घटते. अनेक गाड्यांत दिव्यांचा झोत वर-खाली करणारी शून्य ते तीन आकड्यांची लहानशी चकती असते. मागे माणसे व सामान भरले, की गाडीचे नाक वर उचलले जाते. अशा वेळी चकती पुढच्या आकड्यावर फिरवावी. तिला कधी हातही न लावलेले चालक पुष्कळ आढळतात.

आसनाचेही तसेच. गुबगुबीत कव्हर आणि उशा विकत घेण्यापूर्वी आसनाची मांडणी पाहावी. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला असावा. पाठ टेकलेली ठेवून हात पुढे केला, तर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकावे. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या माथ्याच्या उंचीला असावी. मागच्या खिशातले पाकीट काढून ठेवावे आणि कमरेच्या पोकळीत घडी केलेला टॉवेल ठेवून पाहावा. एवढ्यानेही त्रास राहिला आणि फोम दबलेला दिसला, तर कुशनचे काम करणाऱ्या कुशल कारागिराकडून तो बदलून घ्यावा. आसनाच्या कडेत एअरबॅग असल्यास तिला वाट ठेवणारेच कव्हर निवडावे.

माझे मत असे, की गाडी, विशेषतः जुनी गाडी, घेणाऱ्याने एक चाचणी सूर्यास्तानंतर आणि निदान तासभराची मागावी. विक्रेत्याने कुरकुर केली तरी आग्रह सोडू नये. एवढी मोठी रक्कम देणाऱ्याचा तो हक्कच आहे. सपाट जागी भिंतीपासून पंचवीस फुटांवर गाडी उभी करून डिपर लावला, तर दोन्ही झोत समान उंचीवर पडतात की नाही, हे कुणालाही दिसते. कर्ज विभागातील आम्हा सहकाऱ्यांनीही हप्त्याचे कोष्टक समजावताना ही दोन वाक्ये आवर्जून सांगावीत. अर्जात त्यासाठी रकाना नाही, हे खरे. परंतु गाडी बँकेकडे तारण असली, तरी तिच्यातून प्रवास आपल्या ग्राहकाचे कुटुंब करीत असते.