गळ्याचा हिशेब पुरे, बासरी ऐका

इयन अँडरसनने आता गाणं थांबवावं, असं जेथ्रो टलचे अनेक जुने चाहते उघडपणे म्हणू लागले आहेत. ज्यांना हे बोलवत नाही ते विषय बदलतात. मी डोंबिवलीत मुलांना बासरी शिकवते आणि कॉलेजात असल्यापासून टल ऐकते. या वादात सगळ्यांचं लक्ष त्या माणसाच्या गळ्यावर आहे. त्याच्या हातात काय आहे, याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, आणि ते मला सहन होत नाही.

हे नाव ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलची काही पोरं लंडनला आली आणि १९६८मध्ये ‘जेथ्रो टल’ या नावाने वाजवू लागली. हे नाव मुळात अठराव्या शतकातल्या एका इंग्रज शेतीसुधारकाचं, पेरणीयंत्रासाठी प्रसिद्ध असलेल्या माणसाचं. त्यांच्यातला गायक अँडरसन त्याआधी गिटार वाजवायचा. एरिक क्लॅप्टनच्या जवळपासही आपण पोहोचणार नाही हे उमगल्यावर त्याने गिटार देऊन टाकली आणि बासरी घेतली. गुरू नाही, शिकवणी नाही. १९६९चा ‘स्टँड अप’ इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, १९७१च्या ‘अ‍ॅक्वालंग’ने जगभर नाव केलं आणि १९७२मध्ये आला ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’. चाळीस मिनिटांहून लांब अशी एकच रचना, रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंवर पसरलेली, आणि वेष्टन म्हणून एक अख्खं खोटं वर्तमानपत्र. तीन मिनिटांचं गाणं सोडून रॉक संगीत लांब पल्ल्याच्या रचनांकडे वळलं, त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. त्या वळणावरचा हा एक महत्त्वाचा बँड.

आमच्या घरात टल आणला दादाने. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून त्याने ‘अ‍ॅक्वालंग’ची कॅसेट आणली होती. मी तेव्हा बांबूच्या बासरीवर यमनचे अलंकार घोटत होते. कॅसेटमधून जे आलं ते बासरीचं आहे यावर माझा विश्वास बसेना. खरखरीत, गुरगुरणारं, मध्येच माणूस बोलल्यासारखं. माझ्या गुरुजींनी ज्याला दोष म्हटलं असतं ते सगळं त्यात होतं, आणि तरीही त्यात एक स्वर चुकलेला नव्हता.

दादा आज माझ्या विरुद्ध बाजूला आहे. त्याचे जुने मित्र महिन्यातून एखाद्या रविवारी जमतात, १९७८चा ‘बर्स्टिंग आउट’ हा मैफलीतल्या ध्वनिमुद्रणांचा अल्बम लागतो आणि मग गेल्या काही वर्षांतल्या कार्यक्रमांच्या चित्रफिती बघून सुस्कारे सुरू होतात. दादा म्हणतो, ‘‘ज्याने हे उभं केलं, त्यानेच ते असं मोडू नये.’’ दुसरा एक मित्र त्याच्याही पुढे जातो. त्याच्या मते मार्टिन बारशिवाय टल हा टलच नव्हे. बारने १९६८च्या अखेरीपासून चार दशकांहून जास्त काळ गिटार वाजवली, आणि आता तो स्वतःचा बँड घेऊन हीच गाणी वाजवतो. बारची उणीव मलाही जाणवते. पण रचना लिहिणारा माणूस समोर उभा असताना पाटीवरच्या नावासाठी भांडत बसण्यात मला रस नाही.

गळ्याचं मात्र खरं आहे, ते नाकारून चालणार नाही. १९८४मध्ये ‘अंडर रॅप्स’ या अल्बमची गाणी फार चढ्या सुरात बांधली होती. ती रोज रात्री गाताना दौऱ्यात त्याच्या स्वरयंत्राला इजा झाली. पुढचं वर्ष जवळपास विश्रांतीत गेलं. तेव्हापासून वरच्या पट्टीतला तो धारदार आवाज परत आला नाही. ‘लोकोमोटिव्ह ब्रेथ’ किंवा ‘अ‍ॅक्वालंग’ गाताना तो ओळी तोडतो, शेवटचे शब्द गिळतो, कधी नुसतं बोलून वेळ मारून नेतो. त्यात २०२०मध्ये त्याने फुप्फुसांच्या जुनाट विकाराबद्दल, सीओपीडीबद्दल, जाहीरपणे सांगितलं. मंचावर वर्षानुवर्षं सोडल्या जाणाऱ्या कृत्रिम धुराला त्याने त्याचा दोष दिला. १९४७ साली जन्मलेला माणूस, दुखावलेलं स्वरयंत्र, आजारी फुप्फुसं. तिकिटाला मोठी रक्कम मोजून गेलेल्या माणसाने तक्रार केली तर ती खोटी नाही.

माझा आक्षेप पुढच्या वाक्याला आहे: ‘‘चौऱ्याऐंशीलाच टल संपला.’’ हे साफ चूक आहे. १९८७मध्ये ‘क्रेस्ट ऑफ अ नेव्ह’ आला. त्यातली गाणी अँडरसनने आपल्या नव्या, खालच्या आवाजासाठी लिहिली होती. त्या अल्बमला १९८९मध्ये हार्ड रॉक आणि मेटल प्रकारातलं ग्रॅमी मिळालं. मेटालिका या बँडला ते मिळायला हवं होतं म्हणून त्यावर अजून ओरड होते. त्या ओरडीत त्यातलं ‘बुडापेस्ट’ हे दहा मिनिटांचं गाणं झाकोळलं जातं. ते गाणं पुन्हा ऐका. मंद, जवळजवळ कुजबुजणारा आवाज, आणि आवाज जिथे थांबतो तिथून पुढे नेणारी बासरी. हे गाणं १९७१च्या अँडरसनला सुचलं नसतं. त्याच्याकडे आवाज एवढा होता की बासरीवर इतकं ओझं टाकायची त्याला गरजच नव्हती. दादाच्या रविवारच्या बैठकीत ‘बुडापेस्ट’ लागलं की कोणी चहासुद्धा मागत नाही. तरी त्याच बैठकीत चौऱ्याऐंशीचा मुद्दा निघतोच.

आता बासरीकडे येते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अँडरसनची मुलगी शाळेत बासरी शिकू लागली. तिची बोटं बघून त्याच्या लक्षात आलं की आपण वीस-पंचवीस वर्षं काही स्वर चुकीच्या बोटांनी काढतो आहोत. जगभर नाव झालेलं, वय पंचेचाळिशीचं, आणि हा माणूस पुन्हा पहिल्या धड्यावर जाऊन बसला. नवी बोटं घोटली, जुनी सवय मोडली. मोठ्या माणसांना मी शिकवते तेव्हा मला ठाऊक आहे की पहिल्यांदा शिकणं सोपं असतं. मुरलेली सवय मोडणं हे हाडं पुन्हा बसवण्यासारखं काम आहे. रोज वाजवणाऱ्या कलाकाराने ते करणं म्हणजे काही महिने स्वतःच्या मैफलींत स्वतःवर अविश्वास ठेवणं. गळा गेला याची तारीख चाहत्यांना पाठ आहे. बासरी नव्याने शिकला, ही गोष्ट त्यांच्या गप्पांत येतच नाही.

फरक ऐकू येतो का? येतो. ‘स्टँड अप’मधलं ‘बुरे’ घ्या. मूळ रचना बाखची, ल्यूटसाठी लिहिलेली. अँडरसनने ती जॅझच्या झोक्यात बसवली. मी ती सा-रे-ग-म मध्ये उतरवून मुलांना देते, तेव्हा एक गंमत त्यांच्या हाती लागते. सा रे आणि कोमल गंधारावरून सूर खाली मंद्र पंचमापर्यंत जातो, तिथून शुद्ध धैवत, शुद्ध निषाद घेत षड्जावर चढतो, आणि उतरताना तेच दोन स्वर कोमल होतात. पिलू राग शिकलेला मुलगा लगेच मान वर करतो. बांबूच्या बासरीवर यातले काही स्वर अर्धं छिद्र झाकून काढावे लागतात, म्हणून बोटांची खरी परीक्षा होते. १९६९च्या ध्वनिमुद्रणात अँडरसन हे जोशात वाजवतो, पण स्वराभोवती वाऱ्याचा आवाज फार आहे. १९९५चा ‘डिव्हिनिटीज’ हा त्याचा बासरीप्रधान वाद्यसंगीताचा अल्बम त्यानंतर लावा. स्वर भरलेला, कडा स्वच्छ, लांब श्वासावर धरलेले सूर शेवटपर्यंत न हलणारे. तोच माणूस वाजवतो आहे, पण मध्ये अभ्यास झाला आहे.

त्याची गुरगुर कशी होते, हेही सांगते, कारण त्याला अनेक जण निव्वळ नखरा समजतात. बासरीत फुंकर सरळ आत जात नाही, ती मुखरंध्राच्या समोरच्या कडेवर आपटून दुभंगते. त्या फुंकरीबरोबरच वाजवणारा घशातून गुणगुणला तर दोन आवाज तयार होतात, एक बासरीचा आणि एक माणसाचा. ते एकमेकांत मिसळत नाहीत, घासतात. ती घासणी म्हणजे ती गुरगुर. अमेरिकन जॅझवादक रोलंड कर्क हे करायचा, आणि टलच्या १९६८च्या पहिल्याच अल्बममध्ये कर्कची एक रचना आहे. म्हणजे अँडरसनच्या बासरीत त्याचा गळा पहिल्यापासून होताच. माझ्या वर्गातल्या एका मुलीने हे करून पाहिलं तेव्हा आधी नुसता फुसफुसाट झाला, मग अचानक जाड, दुहेरी सूर लागला आणि ती दचकून बासरी तोंडापासून दूर धरून बघत राहिली. गाताना जो घसा फाटतो, तोच घसा बासरीत गेला की उपयोगी पडतो. दादाला मी हे ऐकवलं. तो म्हणाला, ‘‘तू बासरीवाली, तू असंच म्हणणार.’’ असेन. पण बासरीत पत्ती नसते, हवेला अडवायला काही नसतं, म्हणून तिला श्वास फार लागतो. आजारी फुप्फुसांनी ती रोज दोन तास वाजवायची म्हणजे काय, हे बासरीवालीलाच जास्त कळतं.

आपल्याकडच्या रसिकाला हे समजावून सांगावं लागू नये. कुमार गंधर्वांचं एक फुप्फुस क्षयाने निकामी झालं. ते पुन्हा गायला बसले तेव्हा त्यांनी पूर्वीचं गाणं जसंच्या तसं परत आणायचा हट्ट धरला नाही, श्वासाला झेपेल असं नवं गाणं घडवलं. गंगूबाई हनगलांचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेनंतर जाड झाला आणि त्याच आवाजात त्यांनी किराणा घराण्याची गायकी उभी केली. आधीचा आवाज आठवून त्यांच्या मैफलीतून कोणी उठून गेलं नाही. हे तिघं एका तोलाचे आहेत असं मला म्हणायचं नाही. शरीराने काही काढून घेतल्यावर कलाकार काय करतो ते ऐकायची सवय आपल्या कानांना आहे, आणि टल ऐकताना ती सवय आपण घरी ठेवून जातो, एवढंच म्हणायचं आहे.

मुंबईला तर या माणसाबद्दल थोडी जास्त आपुलकी असायला हवी. २००८मध्ये टलचा कार्यक्रम इथे २९ नोव्हेंबरला ठरला होता. २६ तारखेला हल्ला झाला आणि तो अर्थातच रद्द झाला. इंग्लंडचा क्रिकेट संघ एकदिवसीय मालिका अर्धवट सोडून मायदेशी गेला. टलने मात्र ५ डिसेंबरला याच शहरात, अनुष्का शंकरच्या साथीने, हल्ल्यातल्या पीडितांच्या मदतीसाठी कार्यक्रम केला. दादा आणि मी गेलो होतो. आईने जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. दारावर पिशव्या तपासायला वेळ लागत होता आणि रांगेत कोणी कुरकुरत नव्हतं. त्या आठवड्यात गर्दीत उभं राहायलाच धीर लागत होता. त्या रात्री अँडरसनचा वरचा सूर लागत नव्हता, हे दादाने नंतर मान्य केलं. त्या रात्री मात्र तो विषय त्याने काढला नव्हता.

म्हणून अँडरसनने थांबू नये, असं माझं मत आहे. २०२२, २०२३ आणि २०२५ अशा तीन वर्षी टलचे तीन नवे अल्बम आले, ज्याचं काम संपलं त्याच्याकडून असं होत नाही. पण त्याच्याकडेही माझं मागणं आहे. ज्या गाण्यांना १९७१चा गळा लागतो, ती गायचा अट्टहास त्याने सोडावा. ‘अ‍ॅक्वालंग’ हवंच असेल तर शब्द दुसऱ्या कोणाला द्यावेत आणि सूर बासरीने धरावा. लोक ओळखीचं गाणं मागतात, आयोजकांना तेच विकायचं असतं, हे मला कळतं. तरी कार्यक्रमाचा निम्मा भाग केवळ वाद्यांचा ठेवला, तर जे आज सुस्कारे टाकतात त्यांतले बरेच जण तिथेच बसून ऐकतील, याची मला खात्री आहे.

आणि चाहत्यांना एक विनंती. ‘डिव्हिनिटीज’मधली शेवटची रचना काढा. तिचं नाव ‘इन द टाइम्स ऑफ इंडिया’, आणि त्याला जोडलेलं दुसरं नाव ‘बॉम्बे व्हॅलेंटाइन’. आठएक मिनिटांची रचना आहे, गायलेला एकही शब्द नाही. आपल्या शहराचं नाव दिलेली ही रचना मुंबईतल्या टलप्रेमींपैकी फार थोड्यांनी ऐकली असेल. ती आधी पूर्ण ऐका, आणि त्यानंतर अँडरसनने थांबावं की नाही ते ठरवा.